प्रमुख पाहुणी

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शाळेतली पोरं मला पाठीमागे 'फोडणी' म्हणायची. हे मला निवृत्त झाल्यावर कळलं, आणि कळल्यावरही मी चिडलेच. पेणच्या एका शाळेत तीस-एक वर्षं मी शिवण शिकवलं. नवरा रोह्याला कंपनीत होता, शिफ्टची नोकरी. त्यामुळे संसारातला निम्मा वेळ तो झोपलेला आणि मी पाऊल न वाजवता घरात वावरणारी. तो जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. आता मी भांडी कितीही आपटली तरी कोणाची झोप मोडत नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

मैत्रिणी दोन. दोनच. एक पेणचीच, नदीपलीकडे राहते. बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती म्हणून मी तिला बँकवाली म्हणते, तोंडावरही. दुसरी रोह्याची, ती रोहेकरीण. तिचं घर भरलेलं. नवरा, मुलगा, सून, दोन नातवंडं आणि वर एक मांजर, जे सगळ्यांहून जास्त बोलतं. बँकवालीचं बरंचसं माझ्यासारखं. फक्त तिला एक मुलगी आहे, परदेशात. चार वर्षांत आलेली नाही. दर दिवाळीला बँकवाली आतल्या खोलीतल्या पलंगावर नवी चादर घालते आणि देवदिवाळी झाली की काढून ठेवते. हे तिनं मला कधी सांगितलेलं नाही. मी पाहिलंय.

जुन्या वस्तूंचा नाद तिनंच लावला. सुरुवात एका चिनी मातीच्या बरणीपासून झाली. मग पितळेची घंगाळी आली, काचेच्या हंड्या आल्या, काळ्या गोल बटणांचा लाकडी स्विचबोर्ड आला, ज्याला वायरच नाही. मला आधी हसू यायचं. आमच्या आयांनी जे बोहारणीला देऊन स्टीलचे डबे घेतले, तेच आम्ही आता रिक्षात बसून शोधत होतो. पण महिन्यातून एक दिवस तिघींनी बाहेर पडायचं, कुठेतरी मिसळ खायची, धुळीत हात घालायचे, हे मला आवडायला लागलं होतं. खरं सांगायचं तर वस्तूंशी मला फार देणंघेणं नव्हतं. तो दिवस कॅलेंडरवर असला की त्याच्या आधीचे चार दिवस आणि नंतरचे चार दिवस बरे जायचे.

बँकवालीचा हॉल बघण्यासारखा आहे, हे मानायलाच हवं. एका भिंतीवर मिठागरातलं मीठ ओढायचं लाकडी फावडं लावलेलं, त्याच्यावर खास दिवा सोडलेला. तिच्याकडे भांड्यांना येणारी बाई खाडीकडच्या गावातली आहे. तिनं पहिल्या दिवशी ते बघितलं आणि पदराला हात पुसता पुसता थांबली. म्हणाली, "बाय, ह्याच्यापायी माझ्या बापाचं खांदं गेलं. नि तुमी त्याला भितीवर चढवलाव?" बँकवाली हसली. मीही हसले. पण माझ्या डोक्यात ते राहिलं. माझं म्हणणं असं की वस्तू वापरायची असते. तिचं म्हणणं, वस्तू बघायचीही असते. यावर आमची दर महिन्याला एकदा जुंपायची आणि रोहेकरीण म्हणायची, "झालं गो तुमचं? चला आता, भूक लागलीय."

आमची ओळख कशी झाली तेही सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. शाळेत झेंडा बांधायचं काम माझ्याकडे होतं. कापड आणि दोरा म्हटलं की शिवणाच्या बाई, असं कोणीतरी पहिल्या वर्षी ठरवलं आणि मग ते कायमचंच झालं. सव्वीस जानेवारीला झेंडा आधीच वर असतो, घडी करून बांधलेला. पाहुण्यांनी फक्त दोरी ओढायची. आदल्या दिवशी मी तो घरी नेऊन इस्त्री करायची. सकाळी घडी घालायची, केशरी वर आहे ना हे तीनदा बघायचं, मधोमध झेंडूच्या आणि शेवंतीच्या पाकळ्या ठेवायच्या आणि गुंडाळी करून वरून सुरगाठ मारायची. ही सुरगाठच अवघड. सैल राहिली तर वाऱ्यानं आधीच सुटते. घट्ट बसली तर पाहुणे ओढत राहतात आणि सगळी शाळा माना वर करून बघत राहते. शेजारच्या गावात एका शाळेत तसं झालेलं मला माहीत आहे. शिपायाला शिडी आणावी लागली होती. माझी गाठ कधी अडली नाही. एकदाही नाही. इतक्या वर्षांत माझं कौतुक कोणी केलं नाही, कारण जे अडत नाही ते दिसत नाही. पण मला माहीत होतं.

एका वर्षी पाहुण्या म्हणून बँकेच्या साहेबबाई आल्या. कांजी केलेली पांढरी साडी, कपाळावर घाम. दोन दोऱ्या खाली लोंबत होत्या आणि त्यांनी नेमकी चुकीची पकडली. मी मागे दोन पावलांवर उभी होते. तोंड न हलवता म्हटलं, "ती नव्हे. उजवी." त्यांनी उजवी ओढली, झेंडा उघडला, पाकळ्या त्यांच्या डोक्यावर पडल्या. कार्यक्रमानंतर मुख्याध्यापकांच्या खोलीतला चहा सोडून त्या मला शोधत शिवणाच्या वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "आज तुम्ही अब्रू वाचवलीत." ती ही बँकवाली. त्या दिवशी आम्ही शिवणयंत्राच्या टेबलावर बसून चहा प्यायलो.

निवृत्तीनंतर पहिली दोन वर्षं मी सव्वीस जानेवारीला शाळेत गेले. आता खेळाचे नवे सर झेंडा बांधतात. चांगला मुलगा आहे. मला बघून म्हणाला, "बाई, तुम्ही खुर्चीत बसा ना." मी बसले. तो गाठ मारत होता आणि माझी बोटं पदराखाली आपोआप वळत होती. तिसऱ्या वर्षी गेले नाही. कोणी विचारलंही नाही का आला नाहीत म्हणून.

तर डिसेंबरात आम्ही रोह्याला गेलो. स्टेशनकडून गावात येताना जुन्या सामानाचं एक गोदाम आहे. मालकाला सगळे चाचा म्हणतात. आत शिरलं की आधी काही दिसतच नाही, मग हळूहळू एकेक वस्तू दिसायला लागते. पाय तुटलेले पाट, पारा उडालेले आरसे, शेर आणि अधोलीची मापं, कोणाच्या तरी लग्नातल्या गटाचा फोटो, ज्यातलं आता कोणी असेल असं वाटत नाही. रोहेकरीण बाहेरच स्टुलावर बसून चाचाशी गप्पा मारत होती. मी आतल्या भिंतीशी गेले आणि तिथे एका कोपऱ्यात तो दांडा उभा होता.

सागाचा. माझ्या डोक्याच्या वर दीड हात. टोकाला पितळी टोपी, टोपीखाली छोटी पितळी कप्पी, खाली दोरी गुंडाळायला पितळेचाच खुंटा. मी कप्पीला बोट लावलं तर ती फिरली. कुरकुरली, पण फिरली. मला काय झालं सांगता येत नाही. माझं काहीतरी हरवलेलं सापडावं तसा तो मी दोन्ही हातांनी धरला.

चाचा बाहेरूनच म्हणाला, "खाडीकडच्या गावातल्या तेल्यांच्या घरातला आहे. शनवार तेली, म्हणजे आपल्याकडचे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे ते. बाकी सगळे इस्रायलला गेले, एक म्हातारे तेवढे राहिले होते. नाय गेले. दरसाल अंगणात झेंडा लावायचे. ते गेल्यावर मुंबईहून पुतण्या आला, घर आवरलं."

मी विचार करत होते की त्या म्हाताऱ्याचा झेंडा कोण बांधायचं आणि कोण ओढायचं. दोन्ही तोच करत असणार. तेवढ्यात बँकवाली मागून आली. तिनं दांड्यावरून बोट फिरवलं, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "अगं, काय सुंदर आहे. माझ्या हॉलच्या मोठ्या खिडकीला बरोबर बसेल. खणाचे पडदे शिवून देशील ना? पितळी कड्या लावू."

"पडदे?"

"मग? दांडा आहे तो."

"झेंड्याचा आहे."

"होता," ती म्हणाली. "आता कोण लावणारे?"

इथे मला गप्प बसता आलं असतं. मी लावणार आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण माझी फोडणी तडतडली. मी म्हणाले, "लाव पडदे. फावड्याला दिवा, दांड्याला पडदे. सजव घर. बघायला येतंय कोण तुझ्याकडे?"

बोलले आणि कळलं. चाचानं बाहेरून मान वळवली. रोहेकरीण स्टुलावरून उठली. बँकवालीनं दांड्यावरचा हात काढून घेतला, बोटाला लागलेली धूळ रुमालानं पुसली, रुमालाची घडी घातली. "घे तू," एवढंच म्हणाली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. समोरचा गप्प झाला की मी पार आडवी होते.

माफी मागायची तर तिथेच मागायला हवी होती. नाही मागितली. मनात म्हटलं, संध्याकाळपर्यंत विसरेल. परतीच्या गाडीला दुपारची गर्दी नव्हती. आम्ही समोरासमोर बसलो. दांडा सरळ राहीना, गाडी हलली की घरंगळायचा, म्हणून त्याचं एक टोक माझ्या मांडीवर आणि दुसरं तिच्या. रोह्यापासून निडी, नागोठणं, कासू, सगळी स्टेशनं आम्ही तो दांडा दोन बाजूंनी धरून काढली आणि एक अक्षर बोललो नाही. बाहेर कापलेली भातशेतं आणि कुठेतरी मडक्यात शेंगा भाजायच्या पोपटीचा धूर. पेण आल्यावर तिनं तिचं टोक अलगद सीटवर ठेवलं, साडी झटकली आणि उतरून गेली. मी दांडा सांभाळत खाली येईपर्यंत तिची रिक्षा निघून गेली होती.

मग महिनाभर काही नाही. रोज सकाळी तिचा सुप्रभातचा फोटो यायचा, फुलं आणि वाफाळता कप. त्याला मी नेहमी नावं ठेवायची. तो यायचा बंद झाला. मी फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. काय बोलू? 'माझं चुकलं' हे दोन शब्द मला तोंडातून काढताच येत नाहीत. नवऱ्यालाही कधी म्हटलं नव्हतं. त्याच्याशी भांडण झालं की दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात त्याच्या आवडीची वालाची उसळ द्यायची. त्याला कळायचं. रिकामा डबा परत आला की भांडण मिटलं. अशी सवय लागलेली, आता डबा द्यायचा कोणाला?

रोहेकरणीनं फोनवर मला धुतलं. "तुझी जीभ हाय की कात्री? मुलीवरून बोललीस तिला."

"मुलीचं नाव तरी घेतलं का मी?"

"नाव नाय घेतलंस म्हणून काय झालं? तिला कळायचं ते कळलं ना?"

त्या महिन्यात मी दांड्याच्या मागे लागले. घासला, तेल दिलं, पितळ चिंचेनं उजळलं. समोरच्या गणपतीच्या कारखान्यात एक सुतार आहे, मूर्तींच्या चौरंगांचं काम करतो. त्याला गच्चीवर नेलं. सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी आधीच घेतली होती. ते म्हणाले, झेंडा लावा, आनंद आहे, पण भोक पाडू नका, गळती होईल. म्हणून सुतारानं दांडा टाकीच्या लोखंडी शिडीला पट्ट्यांनी आवळून बसवला. काम झाल्यावर तो वर बघत म्हणाला, "बाई, ओढणार कोण?" मी म्हणाले, "आहे एक."

कारण तोवर माझं ठरलं होतं. प्रमुख पाहुणी तीच. वालाच्या उसळीसारखंच हे. मी गाठ मारणार, ती दोरी ओढणार, पाकळ्या तिच्या डोक्यावर पडणार आणि तिला कळेल. मला काही बोलावं लागणार नाही. चोवीस तारखेला तिला मेसेज टाकला. 'सव्वीसला सकाळी आठ वाजता माझ्या गच्चीवर झेंडा. तू फडकवायचास. प्रमुख पाहुणी तू.' चार वेळा वाचला, दोनदा शब्द बदलले, मग पाठवला. दोन तासांनी उत्तर आलं. 'बरं.'

एवढंच. पण त्या 'बरं'वर मी दोन दिवस काढले. खोबऱ्याच्या वड्या केल्या, त्यात ती वेलची जास्त मागते म्हणून जास्त घातली. घरातली एकुलती एक बरी खुर्ची गच्चीवर नेऊन ठेवली. झेंड्याला इस्त्री करताना नवऱ्याच्या फोटोकडे बघून म्हणाले, "उद्या माणूस येणारे घरी." मला माझंच हसू आलं. आणि मग हसू नाही आलं.

सव्वीसला पाचलाच उठले. थंडी होती. सातपर्यंत झेंडा वर होता, बांधलेला, बोटभरही वाकडा नाही. खाली दोन दोऱ्या. तिला पुन्हा घोटाळा नको म्हणून उजवीला मी तांबडा धागा बांधला. आठ वाजता मी दांड्याच्या मागे दोन पावलांवर जाऊन उभी राहिले. नेहमीची जागा. सव्वाआठ. साडेआठ. रस्त्यावरून शाळेची मुलं ओळीनं गेली, परतही आली, हातात बुंदीचे लाडू. खालच्या मजल्यावरून टीव्हीवरची देशभक्तीची गाणी ऐकू येत होती. सगळे घरात बसून दिल्लीचं संचलन सुरू व्हायची वाट बघत होते. गच्चीवर कोणी आलं नाही. मी कोणाला बोलावलंही नव्हतं. एका माणसासाठीच सगळं केलं होतं.

नऊ वाजता रोहेकरणीचा फोन आला. नातवाच्या शाळेतून करत होती, मागे लाउडस्पीकर चालू. "झाला काय झेंडा?"

"ती आली नाही."

"मग जा ना, घेऊन ये तिला."

"घेऊन ये म्हणजे? बोलावलंय तिला. 'बरं' म्हणालीय. रिक्षा करता येते तिला."

"अगो, जा म्हणते ना. दहा मिनिटांचा रस्ता हाय."

"हाताला धरून आणू? नवरी आहे का ती? मी एवढं सगळं केलं, आता तिनं एक जिना चढायचा नाही?"

 ती म्हणाली, "कर तुला हवं ते," आणि फोन ठेवला. मी पुन्हा जागेवर जाऊन उभी राहिले. पाय दुखायला लागले तरी खुर्चीत बसले नाही. ती पाहुण्यांची होती.

दहा वाजले. साडेदहा. पाकळ्या आत कोमेजत असणार, हे मला कळत होतं. झेंडा असा बांधलेला फार वेळ ठेवू नये, तेही कळत होतं. पण हात पुढे होईना. इतकी वर्षं दुसऱ्यासाठी गाठ मारली, स्वतः दोरी ओढली नव्हती. एकदाही. पाहुणे यायला उशीर झाला तर आम्ही थांबायचो, वाटेल तितकं. पाहुणे आलेच नाहीत तर काय करायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

अकरा वाजता मी दोन पावलं पुढे गेले आणि तांबड्या धाग्याची दोरी ओढली. एका हिसक्यात गाठ सुटली. झेंडा उघडला आणि पाकळ्या माझ्या तोंडावर, खांद्यांवर आल्या, गार आणि ओल्या. मला वाटलं होतं बरं वाटेल. मला रडू आलं. सावधान उभी राहून मी राष्ट्रगीत म्हणायला सुरुवात केली. वर्गात चाळीस आवाजांच्या आधारानं म्हणायची सवय. एकटीचा आवाज मध्येच फाटला. राष्ट्रगीत अर्धवट सोडू नये म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. दुसऱ्या वेळी पूर्ण झालं. नंतर गच्ची इतकी शांत झाली की झेंड्याचा फडफडाटच तेवढा ऐकू येत होता. मी एवढी एकटी नवरा गेला त्या दिवशीही नव्हते. त्या दिवशी घरात माणसं तरी होती.

खाली आले. वड्यांचा डबा ओट्यावर होता. त्याच्याकडे बघून माझा संताप संताप झाला. 'बरं' कशाला म्हणायचं मग? यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतं. बाराच्या पुढे मला राहवेना. डबा पिशवीत घातला आणि निघाले. तिच्या दारात डबा ठेवून चार शब्द सुनवायचे आणि परत यायचं, एवढंच मनात होतं. रिक्षात बसून ते चार शब्द मी दोनदा घोकले. आमच्यातलं काय ते एकदाचं तुटून जाऊ दे, असंसुद्धा म्हटलं. पुलावरून जाताना मात्र वाटलं, ही गेली तर मला उरतं कोण?

बेल दाबली आणि दार लगेच उघडलं. इतकं लगेच की ती दाराशीच असावी.

पांढरी साडी, कडक कांजी केलेली. केसांना तेल, पावडर, छातीवर टाचणीनं लावलेला कागदी झेंडा. पायात चपला. दारात चपला घालून उभी होती ती, खांद्याला पर्स. साडीला बसल्याच्या चुण्या पडल्या होत्या. पावडर कपाळावर ओघळून सुकली होती.

माझे चार शब्द कुठे गेले कोणास ठाऊक.

"झाला झेंडा?" तिनं विचारलं.

"झाला."

"कोणी ओढला?"

"मीच. अकरा वाजता." मग मी म्हणाले, "तू आली नाहीस."

"मी सातपासून तयार होते," ती म्हणाली. "या खुर्चीत बसले होते. बेल वाजेल म्हणून चहासुद्धा टाकला नाही."

"बेल?"

"पाहुणीला न्यायला येतात ना कोणीतरी?"

 शाळेत पाहुण्यांना आणायला मुख्याध्यापक जायचे, दरवर्षी, न चुकता. आम्ही सगळे फाटकाशी थांबायचो. मला गाठ तेवढी माहीत होती. पाहुणे माझ्यासाठी आपोआप दांड्यापाशी उगवायचे. त्यांना कोणीतरी घरी जाऊन, बेल वाजवून, चला म्हणून आणलेलं असतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"फोन करायचास," मी म्हणाले.

"काय म्हणून करायचा? मला न्यायला ये म्हणून?" तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा हलला. "आपणहून येऊ शकत होते मी. दहा मिनिटं लागतात. पण मला बघायचं होतं तू येतेस का."

"माझं चुकलं," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा, आणि इतक्या हळू की मलाच नीट ऐकू आलं नाही.

"कशाबद्दल?"

"दुकानातलं. त्या दिवशीचं."

"ते मी त्याच आठवड्यात सोडलं होतं," ती म्हणाली. "तुझी जीभ काय मला नवीन आहे? तू दुसऱ्या दिवशी दारात आली असतीस तर चहा दिला असता. महिनाभर नाही आलीस. आजही नाही आलीस."

"आले ना."

"आता आलीस," ती म्हणाली.

तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, डबा काढून टेबलावर ठेवला, उघडला नाही. मला बस म्हणाली. मग चपला काढल्या, एक एक करून, भिंतीला धरून, कारण वाकायला तिला त्रास होतो. छातीवरचा कागदी झेंडा सोडवला आणि टाचणी पुन्हा लावून डब्याशेजारी ठेवला.

"साडी बदलून येते," म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं. मी तिच्या खुर्चीत बसले. बसायची जागा अजून कोमट होती. आत कपाट उघडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. मी हाक मारली नाही. एक साडी बदलायला जेवढा वेळ लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ तिनं लावला, आणि तो सगळा वेळ मी त्या बंद दाराकडे बघत बसून राहिले.